निर्णय आधी, वेळ नंतर

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात चिखला येथे मँगनीजची भूमिगत खाण आहे. अशा खाणीत पाळी सुरू झाली की खोदकामाला हात लावण्याआधी छत ठोकून पाहावे लागते. लांब सळईने वरच्या खडकावर टोला मारायचा आणि कान देऊन ऐकायचे. भरीव खडक खणखणतो. आतून सुटलेला खडक बद्द वाजतो. बद्द वाजला की तो तुकडा पाडून घ्यायचा, जागा असेल तिथे टेकू द्यायचा आणि एवढ्यानेही भागणार नसेल तर माणसे मागे घ्यायची.

छत बद्द वाजल्यावर ‘आता काय करावे बरे?’ असा विचार करत मायनिंग मेट उभा राहत नाही. धोका दिसला की माणसे बाहेर काढायची, हे धातूंच्या खाणींसाठीच्या 1961 च्या नियमांनी आधीच ठरवून ठेवले आहे. त्याच्याकडे काम उरते ते आवाज ओळखण्याचे. सुरुंगाचेही तसेच. एखादा सुरुंग उडायचा राहिला तर ठरलेला वेळ उलटेपर्यंत कोणी जवळ जायचे नाही. तिथे थांबणे हीच कृती असते आणि तीही आधी ठरलेली असते.

वेळेवर निर्णय घेणारी माणसे आपल्याला मोठी धडाडीची वाटतात. जवळून पाहिले तर त्यांतल्या बहुतेकांनी निर्णय वेळेच्या आधीच घेऊन ठेवलेला असतो. वेळ आल्यावर ती फक्त अंमल करतात. उलट, ज्यांची वेळ हुकते ती माणसे आळशीच असतात असे नाही. ऐन घाईत, पैशाच्या ओढाताणीत, चार जणांच्या चार सल्ल्यांत ती विचाराला बसतात. नेमक्या त्याच वेळी विचार नीट होत नाही.

आधी पाहा, वेळ कोणाच्या हातात आहे

आपल्यापुढचे निर्णय ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात. काहींची वेळ निसर्ग ठरवतो: पाऊस, पीक, आजार, विष. काहींची वेळ सरकारी कचेरी ठरवते: अर्जाची शेवटची तारीख, नोंदणी, मुदत. आणि काहींना कोणीच तारीख देत नाही: मृत्युपत्र, तपासणी, धंदा बदलणे, परीक्षेचा नाद सोडणे. पहिल्या दोन प्रकारांत उशीर झाला तर लगेच चटका बसतो, म्हणून माणूस निदान धडपडतो तरी. तिसऱ्या प्रकारात ‘पाहू ना जी’ म्हणत दहा वर्षे जातात आणि काही बिघडले आहे हे कळतही नाही.

तिन्हींवर उपाय वेगळा आहे. म्हणून कुठलाही प्रश्न समोर आला की पहिल्यांदा स्वतःला विचारा: याची वेळ कोण ठरवणार आहे?

निसर्गाची वेळ: दुसरी वाट आधीच काढून ठेवा

तुमसर-मोहाडीच्या पट्ट्यात धानाची बांधी असलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागत नाही. मृग लागला की पऱ्हे टाकायचे. साधारण 21 ते 25 दिवसांत रोप रोवणीजोगे होते. त्याच सुमारास पावसाने दडी मारली तर बांधीत चिखल होत नाही, आणि रोप तर वाढतच राहते. पाच-सहा आठवड्यांचे जुने रोप लावले की फुटवे कमी येतात आणि उतारा घटतो. मग पाऊस पडला की सगळ्या गावाची रोवणी एकाच आठवड्यात येते. ट्रॅक्टर मिळत नाही, रोवणीच्या बाया मिळत नाहीत, मजुरी चढते.

पाऊस आपल्या हातात नाही. पण पऱ्हे एकाच दिवशी न टाकता आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन खेपांत टाकणे आपल्या हातात आहे. सगळ्या बांध्यांत भारी धान न लावता वरच्या, लवकर वाळणाऱ्या बांध्यांना हलके वाण ठेवणे हातात आहे. अमुक तारखेपर्यंत रोवणीपुरते पाणी साचले नाही तर कोणत्या बांधीत आवत्या (थेट बी फेकून पेरणी) करायचा किंवा कमी दिवसांच्या वाणाचे पऱ्हे पुन्हा टाकायचे, हे मे महिन्यात ठरवता येते. ती तारीख आपल्या जमिनीप्रमाणे कृषी सहायकाला किंवा साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारून घ्या. बावनथडीच्या कालव्याचे पाणी पोहोचते की नाही, मामा (माजी मालगुजारी) तलावाची पाळी कधी येते, यावरही ती मागेपुढे होईल. पण तारीख कागदावर हवी. डोक्यात ठेवलेली तारीख ढग दिसला की आपोआप पुढे सरकते.

कापणीतही हेच. धान कापून कडपा बांधीत पसरला आणि त्यावर अवकाळी पाऊस पडला तर लोंब्यांना कोंब फुटतात. म्हणून ‘कधी कापायचे’ हा एकटा प्रश्न नाही. कापल्यापासून पुंजणे रचेपर्यंत किती कोरडे दिवस लागतील, बांधायला माणसे कोण, ताडपत्री घरात आहे का, मळणीयंत्रवाल्याशी बोलणे झाले का, ही उत्तरे हाती आल्यावरच विळा उचलायचा. पाऊस येईल असा अंदाज असेल तर दोन दिवस उभे पीक राहू द्यायचे की थोडेथोडे कापायचे, हेही आधी ठरलेले बरे. शेजाऱ्याने विळा लावला म्हणून आपणही लावला, हा निर्णय नव्हे.

विषाची वेळ: इथे चर्चा नको

रोवणीचे दिवस म्हणजे सापांचेही दिवस. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58 हजार माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. यांतले कित्येक मृत्यू टळणारे असतात, कारण नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर उतारा देणारी लस सरकारी दवाखान्यात मिळते. फक्त ती वेळेत शरीरात जायला हवी.

मण्यारीचा दंश सगळ्यांत फसवा. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. जागा सुजत नाही, फारसे दुखत नाही, कधी कधी दाताची खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, मग पापण्या जड होऊन मिटायला लागतात, बोबडी वळते. तोवर घरात कोणी म्हणते अपचन असेल, कोणी म्हणते जाणत्याकडे नेऊन पाहू. त्या तासाभरात श्वासाचे स्नायू लुळे पडू लागलेले असतात.

म्हणून हा निर्णय आजच, घरात सगळे ठणठणीत असताना घ्या. साप चावला किंवा चावल्याचा संशय आला की 108 ला फोन. गाडीला उशीर होणार असेल तर गावातले कोणते वाहन घ्यायचे ते नक्की. कुठे न्यायचे तेही नक्की, म्हणजे जवळचे आरोग्य केंद्र की थेट तुमसरचे उपजिल्हा रुग्णालय. लस आणि डॉक्टर रात्री कुठे उपलब्ध असतात, याची पावसाळ्याआधी एकदा विचारपूस करून ठेवा. जखमेवर चीर द्यायची नाही, करकचून दोरी बांधायची नाही, रक्त चोखायचे नाही. हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून न हलवता न्यायचा आणि चावल्याची वेळ लक्षात ठेवायची. साप मारून दवाखान्यात नेण्याचीही गरज नाही. पावसाळ्यात खाटेवर आणि मच्छरदाणीत झोपणे, हा त्याही आधीचा निर्णय.

कागदाची वेळ: शेवटची तारीख ही आपली तारीख नव्हे

आधारभूत दराने धान विकायचे असेल तर नोंदणी लागते. त्यासाठी सातबारावर पीक दिसावे लागते आणि ते दिसण्यासाठी ई-पीक पाहणी वेळेत झालेली असावी लागते. खरीप 2025-26 साठी साधारण धानाचा आधारभूत दर क्विंटलला 2369 रुपये आणि अ दर्जाचा 2389 रुपये जाहीर झाला. हा दर हातात पडणे न पडणे पुष्कळदा बाजारावर नव्हे, तर आपण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बांधीवर जाऊन मोबाइलवर फोटो काढला होता की नाही, यावर ठरते. दिवाळीला पैसा लागतो, केंद्रावर रांग असते, चुकारा यायला वेळ लागतो. मग धान व्यापाऱ्याच्या काट्यावर जाते. त्या दिवशी घासाघीस करून काही मिळत नाही. दिवाळीचा खर्च कशातून भागवायचा, हे पोळ्यालाच ठरले असते तर निदान अर्धे धान तरी थांबवता आले असते.

पीकविम्याच्या अटी तर दर हंगामात बदलतात. कोणते नुकसान धरले जाते, कळवायची मुदत किती, हप्ता किती, हे गेल्या वर्षीच्या आठवणीवर सोडू नका. अर्ज भरतानाच त्या हंगामाची माहिती विचारून लिहून ठेवा.

सगळ्यांत महाग पडणारी दिरंगाई म्हणजे वारसनोंदीची. वडील गेले की महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 149 प्रमाणे मिळालेला हक्क तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचा असतो. भावाभावांत गोडी आहे, कोण कुठे पळून जाते, म्हणून ते राहून जाते. मग कर्ज, विमा, धानविक्री, भूसंपादनाचा मोबदला, जिथे जावे तिथे सातबारावर दिवंगत माणसाचे नाव आडवे येते. तोवर एखादा भाऊ गेलेला असतो, पुतणे नागपूर-पुण्याला असतात, बहिणींच्या सह्या गोळा करता करता जुनी दुखणी उकरली जातात. तीन महिन्यांत ज्या कामाला एक अर्ज पुरला असता, त्यापायी दुसऱ्या पिढीत दावा उभा राहतो.

कचेरीच्या तारखांसाठी एकच नियम पाळा: जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधी आपली शेवटची तारीख धरायची. सर्व्हर बंद, आधारवरचे नाव वेगळे, अंगठा उमटत नाही, साहेब दौऱ्यावर, ही सगळी विघ्ने त्या दहा दिवसांत मावतात.

ज्याला तारीख नाही, त्याला तारीख द्या

आता तिसरा प्रकार. विदर्भात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे आणि भंडारा त्यात येतो. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. वाहक माणूस स्वतः धडधाकट असतो, म्हणून त्याला तपासणीची आठवणच होत नाही. तपासणी साध्या रक्ताची. आरोग्य केंद्रात होते. 1 जुलै 2023 पासून देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाची मोहीमही सुरू आहे. पण तपासणीची वेळ कोणती? साखरपुडा झाल्यावर निकाल कळला तर तो मोडण्याची भाषा होते आणि मुलीच्या नावाला बोल लागतो. तीच तपासणी दहावी-बारावीत झाली आणि कार्ड घरात असले, तर पाहण्याच्या कार्यक्रमाआधी दोन घरांत चार वाक्यांत विषय संपतो. चाचणी तीच, खर्च तोच; फक्त वेळ अलीकडे आणली की अपमान, भांडण आणि पुढचे दुःख टळते.

नोकरदारांनी नामांकन तपासावे. भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेत, कुटुंब नसताना दुसऱ्या कोणाच्या नावे केलेले नामांकन लग्नानंतर अवैध ठरते. खाणीत, गिरणीत किंवा कारखान्यात विशीत लागलेला मुलगा तेव्हा भावाचे नाव घालतो आणि पुढची तीस वर्षे तो कागद उघडून पाहत नाही. लग्न, अपत्य, घरातला मृत्यू, यांपैकी काहीही घडले की महिन्याभरात सगळी नामांकने पाहायची, असा दंडक घाला.

आणि स्पर्धा परीक्षा. तुमसर, भंडारा, नागपूर इथल्या अभ्यासिका मुलामुलींनी भरलेल्या आहेत. भरती, तलाठी, राज्यसेवा करता करता वय तिशीकडे झुकते. सुरू करायचा मुहूर्त सगळे काढतात, थांबायचा कोणी काढत नाही. प्रत्येक निकालानंतर ‘थोडक्यात गेले, अजून एकदा’ असे वाटणारच. मन त्या दिवशी पराभवाच्या बाजूने कौल देत नाही. म्हणून पहिल्या परीक्षेच्या आधीच लिहून ठेवा: किती प्रयत्न, कोणत्या वयापर्यंत, आणि त्यानंतर काय. ‘त्यानंतर काय’चे पहिले पाऊलही, मग तो आयटीआयचा ट्रेड असो, दुकान असो की शेतीतले काम, शेवटच्या प्रयत्नाआधीच टाकलेले हवे.

घाई म्हणजे निर्णयक्षमता नव्हे

इथे दुसरी बाजू सांगायला हवी. मध्य प्रांतात मँगनीज शोधणारी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट 1896 मध्ये निघाली. 1904-05 चे रशिया-जपान युद्ध आणि 1905 ची रशियातली उलथापालथ यांमुळे कॉकेशसचा पुरवठा विस्कटला आणि मँगनीजचे दर चढले. ज्यांच्या खाणी आधीपासून चालू होत्या, त्यांचा माल जहाजावर चढला. चढे दर पाहून मागाहून उड्या घेणाऱ्यांच्या हाती तेवढा वेळ नव्हता. 1907 नंतर मंदी आली आणि दर कोसळले. तेजी आणि मंदी दोन्ही हजारो मैलांवर ठरल्या. इथल्या माणसाच्या हातात होती ती फक्त आधीची तयारी. आज चिखल्याची खाण चालवणाऱ्या, 1962 मध्ये स्थापन झालेल्या ‘मॉइल’चे मूळही त्या जुन्या उद्योगापर्यंत जाते.

भाव चढला म्हणून जमीन विकणे, शेजाऱ्याने घेतला म्हणून कर्जावर हार्वेस्टर घेणे, एकरकमी रक्कम दिसली म्हणून स्वेच्छानिवृत्ती घेणे, हे उतावळ्या नवऱ्याचे गुडघ्याला बाशिंग. इथे कसोटी सोपी आहे: परतीची वाट आहे का? एका बांधीत नवे वाण लावून पाहणे, मुलाने महिनाभर दुकानात काम करून पाहणे, यात चुकले तरी मागे येता येते. असे निर्णय पटकन घ्या, फार खल करू नका. जमीन, कायमची नोकरी, लग्न, जामिनकी यांत परतीची वाट नाही. तिथे समोरचा ‘आजच्या आजच सही करा’ म्हणत असेल, तर तेच नकाराचे कारण समजा. खरा व्यवहार आठ दिवस थांबतो.

मग करायचे काय?

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी 1990 च्या दशकात दाखवून दिले, की ‘मी हे करीन’ असे नुसते ठरवण्यापेक्षा ‘असे झाले, की मी तसे करीन’ असे ठरवणाऱ्या माणसांकडून काम होण्याची शक्यता वाढते. चांगला शेतकरी आणि चांगला खाणकामगार दोघेही हेच करत आले आहेत. आपल्या घरासाठी ते असे उतरवा:

1. पुढच्या वर्षभरात येणारे सगळे मोठे निर्णय एका कागदावर लिहा. प्रत्येकापुढे लिहा: वेळ निसर्गाची, कचेरीची, की बिनतारखेची.

2. निसर्गाच्या वेळेपुढे ‘जर-तर’ लिहा. ‘अमुक तारखेपर्यंत पाणी नाही आले, तर वरच्या दोन बांध्यांत हलके धान.’ एकच वाक्य, पण तारखेसकट.

3. कचेरीच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर दहा दिवस अलीकडे मांडा. लागणारी कागदपत्रे त्याच चौकटीत लिहा.

4. बिनतारखेच्या कामांना स्वतः तारीख द्या आणि ती घरातल्या दुसऱ्या कोणाला सांगून ठेवा. स्वतःशी केलेला वायदा मोडायला काही लागत नाही. बायकोला किंवा मुलीला सांगितलेला मोडताना निदान उत्तर द्यावे लागते.

5. परतीची वाट नसलेल्या निर्णयासाठी आठ दिवसांचा थांबा ठरवा. त्या आठ दिवसांत त्या व्यवहारात ज्याचा फायदा नाही, अशा एका जाणत्या माणसाचा सल्ला घ्या.

6. निकाल लागल्यावर निर्णयाला दोष देण्याआधी विचार करा: त्या दिवशी जे माहीत होते त्यावरून तो बरोबर होता का? रोवणी वेळेत झाली आणि सप्टेंबरात पाऊस फिरला, तर चूक पावसाची. उलट, पऱ्हे उशिरा टाकूनही यंदा पिकले, म्हणून पुढच्या वर्षी उशीर करायची मुभा मिळत नाही.

शेवटचे कलम सगळ्यांत कमी घरांत पाळले जाते. आपल्याकडे मोठे निर्णय कर्त्या माणसाच्या तोंडून निघायचे असतात आणि कर्ता माणूस नेमका त्या वेळी घरी नसतो. तो पाळीला जमिनीखाली असतो, तिथे मोबाइल लागत नाही; तो बाजाराला गेलेला असतो, नाहीतर परगावी मजुरीला. इकडे पोराला तापाने झटके येतात, गरोदर सुनेला कळा सुरू होतात, आणि घरातल्या बाया, निर्णय चुकला तर बोल लागेल या भीतीने, ‘ते आले की विचारू’ म्हणून दाराकडे पाहत बसतात. घरातले सगळ्यांत महागडे तास हेच. तेव्हा आपण नसताना दवाखान्याचा निर्णय कोणी घ्यायचा, पैसे कुठे ठेवले आहेत, वाहन कोणाचे मागायचे, हे सासू, सून आणि वयात आलेली मुले समोर असताना एकदा स्पष्ट सांगून टाका. आणि पुढचे वाक्यही त्यांना तुमच्याच तोंडून ऐकू द्या: निघायचे ठरवलेत आणि पुढे काही नव्हतेच असे निघाले, तरी घरात कोणी तुम्हाला बोलणार नाही.